वाकतो, मोडतो, तरी तगतो : भंगुर तारा

‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. सागराच्या तळाशी मात्र असा एक जीव नांदतो की, जो प्रसंगी वाकतो आणि प्रसंगी मोडतोही. किंबहुना, या दोन्ही गुणांच्या बळावरच तो कोट्यवधी वर्षे तगून राहिला आहे. या जीवाचे नाव भंगुर तारा.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर मोठी ओहोटी लागली की, एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. कालवे काढणाऱ्या स्त्रिया कोयते-टोपल्या घेऊन त्या खडकांवर उतरतात आणि त्यांच्या मागोमाग मुलेही येतात. अशा वेळी डबक्यातील एखादा सपाट दगड उलटला, तर त्याखालच्या ओलसर सावलीतून पाच लांब, बारीक बाहूंचा एक लहानसा प्राणी लगबगीने निसटताना दिसतो. एखाद्या मुलाने चटकन त्याचा बाहू पकडावा, तर क्षणार्धात तो बाहू तुटून चिमटीत राहतो आणि तेथेही काही काळ वळवळत असतो. त्याचा धनी मात्र उरलेल्या चार बाहूंनिशी कपारीत दिसेनासा झालेला असतो. मुलाला वाटते, आपल्या हातून तो मोडला. वस्तुस्थिती अशी की, तो मोडला गेला नाही. त्याने स्वतःहून आपला बाहू सोडून दिला.

या छोट्याशा प्रसंगात भंगुर ताऱ्याच्या शरीररचनेचे सारे मर्म सामावलेले आहे. ज्याला आपण ठिसूळपणा म्हणतो, ती त्याच्या बाबतीत उणीव नसून संरक्षणाची एक काटेकोर योजना आहे. ही योजना कशी चालते आणि तिची मर्यादा कोठे आहे, हे समजून घेण्यासाठी प्रथम या प्राण्याचे कूळ पाहिले पाहिजे.

तारामीनाचा भाऊबंद

ज्यांच्या त्वचेखाली चुनखडीच्या तकटांचा सांगाडा असतो आणि त्वचेवर बहुधा काटे किंवा उंचवटे असतात, अशा सागरी प्राण्यांच्या संघाला कंटकचर्मी असे म्हणतात. तारामीन, सागरी अर्चिन, समुद्रकाकडी आणि पिसांसारख्या बाहूंचे पिसतारे हे या संघाचे परिचित सदस्य होत. भंगुर तारे हा याच संघातील पाचवा वर्ग. या संघातील एकही प्राणी नदीत किंवा तळ्यात आढळत नाही. तो सर्वस्वी समुद्राचाच रहिवासी आहे.

भंगुर ताऱ्यांच्या वर्गाला शास्त्रीय परिभाषेत ऑफियूरॉयडिया असे नाव आहे. ग्रीक भाषेतील ‘सर्प’ आणि ‘शेपूट’ या अर्थाच्या दोन शब्दांवरून ते तयार झाले आहे. ज्याने या प्राण्याचे बाहू सळसळताना पाहिले आहेत, त्याला या नावाची समर्पकता निराळी सांगावी लागत नाही. या वर्गात आज सुमारे २,१०० जाती ज्ञात आहेत. ओहोटीच्या रेषेपासून सहा हजार मीटरहून अधिक खोल असलेल्या गर्तांपर्यंत आणि विषुववृत्तापासून ध्रुवप्रदेशापर्यंत त्यांचा वावर आहे. त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. मत्स्यकुळाचा समुद्रात प्रसार होण्याच्याही आधीपासून हे तारे सागरतळावर वावरत होते, असे त्यावरून दिसते.

भारताच्या किनाऱ्यालगत कच्छच्या आखातापासून लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि अंदमान-निकोबारपर्यंत त्यांच्या अनेक जाती आढळतात. भारतीय समुद्रातील भंगुर ताऱ्यांच्या अभ्यासाशी मुंबईचाही एक जुना संबंध आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेले ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षण जहाज १८८१ मध्ये पाण्यात उतरले. समुद्राची खोली मोजण्याच्या कामाबरोबरच या जहाजाने तळावरील प्राण्यांचे नमुनेही गोळा केले. त्यांतील खोल समुद्रातील भंगुर ताऱ्यांचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ रने केलर यांनी केले आणि ते १८९९ मध्ये कलकत्ता येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

चकती आणि बाहू

तारामीन आणि भंगुर तारा यांतील फरक प्रथमदर्शनीच ध्यानात येतो. तारामीनाचे बाहू मुळाशी रुंद असतात व मध्यभागात हळूहळू मिसळून जातात. मध्यभाग कोठे संपला आणि बाहू कोठे सुरू झाला, हे सांगणे कठीण असते. भंगुर ताऱ्याचे तसे नाही. त्याच्या मध्यभागी एक लहान, चपटी, गोल किंवा पंचकोनी चकती असते आणि तिच्यापासून स्पष्टपणे वेगळे असे लांबट, निमुळते बाहू फुटलेले असतात. बहुतेक जातींत ही चकती जेमतेम एक ते तीन सेंटीमीटर रुंदीची असते. बाहूंची लांबी मात्र तिच्या कित्येक पट भरते. बाहूंची संख्या बहुधा पाच असते. काही जातींत ती सहा, तर क्वचित त्याहून अधिकही असते.

याच वर्गात टोपलीतारे नावाचा एक देखणा गट आहे. त्यांचा प्रत्येक बाहू मुळापाशी दुभंगतो, त्या फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात आणि अखेरीस एखाद्या विणलेल्या टोपलीसारखी जाळी तयार होते. रात्री ही जाळी प्रवाहाच्या दिशेने पसरून ते पाण्यातील सूक्ष्म जीव पकडतात आणि दिवस उजाडताच बाहूंची गुंडाळी करून निपचित बसतात. यांतील मोठ्या जातींची चकती दहा सेंटीमीटरहूनही रुंद असते.

रंगांच्या बाबतीत भंगुर तारे मोठे हौशी दिसतात. तपकिरी, राखाडी, काळसर, लाल, नारिंगी, हिरवट, जांभळा अशा अनेक छटा त्यांच्यात असतात. बाहूंवर एकाआड एक गडद आणि फिकट पट्टे, तर चकतीवर ठिपके किंवा फुलासारखी नक्षी असते. एकाच जातीच्या, एकाच दगडाखाली राहणाऱ्या दोन ताऱ्यांचे रंग निराळे असू शकतात. त्यामुळे केवळ रंगावरून जात ओळखणे धोक्याचे ठरते. अभ्यासक त्यासाठी चकतीवरील तकटांची मांडणी, जबड्यावरील दातांचा आकार आणि बाहूंवरील काट्यांची संख्या तपासतात.

मणक्यांची साखळी

भंगुर ताऱ्याचा बाहू वरून एखाद्या दोरीसारखा दिसत असला, तरी त्याची आतील घडण मोठी बांधेसूद आहे. त्याच्या मध्यातून चुनखडीच्या मणक्यांची एक साखळी गेलेली असते. प्रत्येक मणका दोन अर्धुके एकजीव होऊन बनलेला असतो. मणक्यांच्या टोकांवर उंचवटे आणि खाचा असून एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खाचांत बसतात. दोन मणक्यांमध्ये स्नायूंच्या चार जुड्या असतात, दोन वरच्या बाजूस आणि दोन खालच्या बाजूस. कोणत्या जुड्या आखडतात यावर बाहू कोणत्या बाजूला वळणार, हे ठरते. तारामीन आपले बाहू जड हालचालींनी वळवतो. भंगुर तारा मात्र सापाप्रमाणे ते आडवे सळसळवू शकतो. टोपलीताऱ्यांच्या मणक्यांचे सांधे निराळ्या घडणीचे असल्यामुळे त्यांना आपले बाहू वरखाली वळवून त्यांची गुंडाळीही करता येते.

पाठीच्या कण्याशी असलेले हे साम्य वरवरचे आहे, हे येथे सांगितले पाहिजे. भंगुर तारा हा अपृष्ठवंशी प्राणी आहे. त्याचे मणके आणि मनुष्याचे मणके यांचा उगम सर्वस्वी भिन्न आहे. सारख्याच गरजेसाठी निसर्गाने दोन वेगळ्या ठिकाणी सारखीच युक्ती योजली, इतकाच त्याचा अर्थ.

मणक्यांच्या साखळीभोवती तकटांच्या चार रांगा असतात. एक रांग वरच्या बाजूस, एक खालच्या बाजूस आणि दोन रांगा दोन्ही कडांना. कडांच्या तकटांवर काटे असतात. काही जातींत हे काटे लांब आणि काचेसारखे पारदर्शक असतात, तर काहींत ते इतके आखूड असून बाहूला इतके चिकटलेले असतात की, बाहू अगदी गुळगुळीत भासतो. ही सारी तकटे कॅल्साइट या खनिजाची असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना स्पंजासारखी सच्छिद्र दिसते. वजन थोडे आणि मजबुती पुरेशी, असा या रचनेचा लाभ आहे.

बाहूच्या खालच्या बाजूने, तकटांमधील छिद्रांतून, प्रत्येक मणक्यामागे एक जोडी याप्रमाणे मऊ नळ्या बाहेर आलेल्या असतात. त्यांना नालपाद म्हणतात. तारामीनाच्या नालपादांना टोकाशी चूषक असतात व त्यांच्या साहाय्याने तो चालतो. भंगुर ताऱ्याच्या नालपादांना चूषक नसतात. चालण्याचे काम बाहूच करीत असल्यामुळे नालपादांना दुसरी कामगिरी सोपविलेली आहे : स्पर्श ओळखणे, पाण्यातील गंध टिपणे आणि अन्न पकडणे. त्यांच्यावरील चिकट स्रावात अन्नाचे कण अडकतात. बांधकामावर घमेली हातोहात पुढे सरकविणाऱ्या मजुरांच्या रांगेप्रमाणे हे नालपाद अन्नाची गोळी एकाकडून दुसऱ्याकडे देत तोंडापर्यंत पोहोचवितात.

चकतीच्या आत

बाहूंत जर हाडे, स्नायू, चेतारज्जू आणि पाण्याची नलिका एवढेच असेल, तर उरलेला संसार कोठे आहे? त्याचे उत्तर, चकतीत. हीच गोष्ट भंगुर ताऱ्याला तारामीनापासून मुळातून वेगळी करते. तारामीनाच्या पचनसंस्थेच्या आणि जननग्रंथींच्या शाखा बाहूंच्या आत शिरलेल्या असतात. भंगुर ताऱ्याच्या बहुतेक जातींत मात्र जठर आणि जननग्रंथी चकतीपुरतीच मर्यादित असतात.

चकतीच्या खालच्या पृष्ठभागाच्या मध्यभागी तोंड असते. पाच जबडे पाचही दिशांनी त्याच्याकडे टोके करून बसलेले असतात आणि त्यांच्या टोकांवर दात असतात. त्यामुळे तोंडाची फट ताऱ्याच्या आकाराची दिसते. तोंडातून थेट पिशवीसारख्या जठरात प्रवेश होतो. या पिशवीला दुसरे दार नाही. गुदद्वार नसल्याने न पचलेला भाग तोंडावाटेच बाहेर टाकावा लागतो. शरीरातील जलवाहिन्यांचा बाहेरच्या पाण्याशी संबंध जोडणारे चाळणीसारखे तकट तारामीनाच्या पाठीवर असते. भंगुर ताऱ्यात ते खालच्या बाजूस, तोंडाशेजारी असते.

प्रत्येक बाहूच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक फट असते. या फटी आत असलेल्या पातळ भिंतींच्या पिशव्यांत उघडतात. अशा एकूण दहा पिशव्या बहुतेक जातींत असतात. त्यांतून सतत पाणी खेळते राहते आणि पाण्यातील प्राणवायू शरीरास मिळतो. जननग्रंथींतील बीजेही या पिशव्यांवाटेच बाहेर पडतात. बहुतेक जातींत नर आणि मादी वेगळे असतात व फलन समुद्राच्या पाण्यात होते. त्यातून जन्मणारा डिंभ पालकांसारखा मुळीच दिसत नाही. चुनखडीच्या बारीक कांड्यांवर तोललेले लांब बाहू पसरून तो पाण्यात तरंगत राहतो आणि कालांतराने रूपांतर होऊन तळावर उतरतो. काही जातींत मात्र पिल्ले याच पिशव्यांत वाढतात आणि पूर्ण आकारास आल्यावर लहानशा ताऱ्यांच्या रूपाने बाहेर येतात.

मोडण्याची योजना

एवढी माहिती झाल्यावर सुरुवातीच्या प्रसंगाचा उलगडा सहज होतो. ज्या अवयवावर शत्रूचा पहिला घाव पडण्याचा संभव आहे, त्या बाहूत जिवावर बेतेल असे काहीही ठेवलेले नाही. जे जपायचे, ते सारे चकतीत. मौल्यवान ऐवज माजघरात ठेवून ओसरी मोकळी सोडणाऱ्या घरासारखी ही रचना आहे.

बाहू तुटण्याची क्रियाही बळाने होत नाही. मणक्यांना बांधणाऱ्या संयोजी ऊतकाचा एक विलक्षण गुण आहे. चेतासंस्थेचा आदेश मिळताच हे ऊतक काही क्षणांत आपली घट्ट पकड सोडून मऊ पडते. माशाने किंवा खेकड्याने बाहू पकडला की, तो जेथे पकडला गेला असेल त्याच्या आतल्या बाजूचा सांधा सैल होतो आणि बाहू तेथून सुटतो. या क्रियेला स्वयंविच्छेदन म्हणतात. पालीची शेपूट तुटते, त्याच धर्तीची ही युक्ती होय. पण पालीची नवी शेपूट मूळ शेपटीसारखी हाडांची नसते, तर भंगुर ताऱ्याचा नवा बाहू मणके, तकटे, काटे, स्नायू आणि चेतारज्जू यांसह पुन्हा तयार होतो. जखम भरल्यावर तेथे एक बारीक अंकुर दिसू लागतो व पुढे त्याचा बाहू बनतो. त्यासाठी जातीनुसार कित्येक महिने लागतात. म्हणूनच किनाऱ्यावर सापडणाऱ्या भंगुर ताऱ्यांत पाचही बाहू सारख्या लांबीचे असलेला नमुना सहसा मिळत नाही. कोठे एक आखूड, कोठे दोन अर्धवट वाढलेले, असे दृश्य नेहमीचे आहे.

काही जातींनी याही पुढे मजल मारली आहे. स्पंजाच्या छिद्रांत राहणारा ऑफिअॅक्टिस सॅव्हिग्नी हा सहा बाहूंचा इवलासा तारा चकतीसह मधोमध दुभंगतो आणि प्रत्येक अर्ध्या भागापासून एकेक पूर्ण तारा तयार होतो. चिखलात राहणाऱ्या काही जाती तर संकटसमयी चकतीचे वरचे आवरण, जठर व जननग्रंथी यांसह टाकून देतात आणि ते सर्व पुन्हा निर्माण करतात.

मेंदूवाचून शिस्त, डोळ्यांवाचून दृष्टी

भंगुर ताऱ्याला मेंदू नाही. तोंडाभोवती चेतातंतूंचे एक कडे आणि त्यापासून प्रत्येक बाहूत गेलेला एक चेतारज्जू, एवढीच त्याची चेतासंस्था. तरीही त्याच्या हालचालींत मोठी शिस्त दिसते. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, चालताना हा प्राणी एका बाहूला पुढारी नेमतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बाहू वल्ह्यांसारखे मारून पुढे सरकतो. दिशा बदलायची झाल्यास तो शरीर फिरवीत नाही. दुसऱ्या बाहूला पुढारीपण देतो. होडी न वळविता तिची पुढची बाजूच बदलावी, तसा हा प्रकार आहे.

त्याच्या दृष्टीची कथाही उद्बोधक आहे. कॅरिबियन समुद्रातील ऑफिओमॅस्टिक्स वेंडटी ही जाती दिवसा गडद तांबूस-तपकिरी असते आणि रात्री फिकट होते. तिला डोळे नाहीत, तरी सावली पडताच ती आडोसा गाठते. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी असे सुचविले की, तिच्या बाहूंवरील तकटांवर असलेले कॅल्साइटचे सूक्ष्म बुडबुड्यांसारखे उंचवटे भिंगांचे काम करतात. ही कल्पना पुष्कळ गाजली. परंतु २०१८ मध्ये झालेल्या तपासणीत, प्रकाश टिपणाऱ्या हजारो पेशी या भिंगांखाली नसून त्यांच्या मधल्या जागांत आहेत, असे आढळले. पुढे २०२० मध्ये या कोड्याचा नवा उलगडा पुढे आला. दिवसा पसरणाऱ्या रंगपेशी प्रत्येक प्रकाशपेशीवर येणारा प्रकाश बाजूंनी अडवितात. त्यामुळे प्रकाश कोणत्या दिशेने आला, हे प्राण्याला कळते. रात्री रंगपेशी आकुंचित झाल्या की ही क्षमता लोपते. एक आकर्षक कल्पना मागे पडून तिच्या जागी अधिक पक्की कल्पना यावी, हीच विज्ञानाची रीत होय.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात काही भंगुर ताऱ्यांना दिवे मंद झाल्यावरच खाद्य देण्यात येत होते. कालांतराने केवळ अंधार होताच, खाद्याचा वास येण्यापूर्वीच, ते आडोशातून बाहेर येऊ लागले. मेंदू नसलेला हा प्राणी अनुभवावरून शिकू शकतो, असे त्यावरून दिसून आले.

सागरतळाचे मजूर

एवढ्याशा जीवाचा समुद्राला उपयोग तो काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. मनुष्य हा प्राणी खात नाही. बाजारात त्याला किंमत नाही. पण सागरतळावर त्याची संख्या आणि त्याचे श्रम, दोन्ही मोठे आहेत. इंग्लिश खाडीच्या परिसरात ऑफिओथ्रिक्स फ्रॅजिलिस या जातीचे ताटवे आढळतात व त्यांत एका चौरस मीटरमध्ये दोन हजारांपर्यंत तारे असतात. न्यूझीलंडच्या दक्षिणेस समुद्राखालील मॅक्वारी पर्वतरांगेच्या एका शिखरावर २००८ मध्ये शास्त्रज्ञांना लक्षावधी भंगुर ताऱ्यांची अशीच दाटी आढळली. हे सारे तारे बाहू उंचावून, प्रवाहाबरोबर येणारे अन्नकण टिपत असतात.

भारतासह हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उष्ण किनाऱ्यांवर आढळणारा ऑफिओकोमा स्कोलोपेंड्रिना भरतीचे पाणी चढू लागताच कपारीतून बाहू बाहेर काढून पाण्याच्या पृष्ठभागावरील तवंग अक्षरशः पुसून घेतो. चिखलात राहणाऱ्या जाती चकती खाली पुरून केवळ बाहूंची टोके वर ठेवतात. त्यांच्या बाहूंच्या हालचालींमुळे वरचे पाणी चिखलात खेळते आणि त्यातील इतर जीवांना प्राणवायू पोहोचतो. उत्तर समुद्रातील चपटे मासे बाहूंची ही टोके खुडून खातात. तारा मरत नाही, बाहू पुन्हा वाढतात. कापलेला चारा पुन्हा फुटावा आणि जनावरांना पुन्हा मिळावा, असेच हे चक्र आहे. कुजणाऱ्या सेंद्रिय कणांचे माशांच्या अन्नात रूपांतर करणाऱ्या साखळीतील भंगुर तारा ही एक महत्त्वाची कडी आहे.

जे पुन्हा उगवत नाही

मोडण्याच्या या योजनेला एक सीमा आहे, हे विसरून चालणार नाही. बाहू तुटला तर फुटतो. पण चकती चिरडली तर सारेच संपते. नवा बाहू घडवायलाही अन्न आणि शक्ती खर्ची पडते आणि तेवढ्या काळात वाढ आणि प्रजोत्पादन मागे पडते. माशाने बाहू तोडणे ही निसर्गाने धरलेली तूट आहे. तळ खरवडीत जाणारे ट्रॉल जाळे मात्र बाहू आणि चकती असा भेद करीत नाही. मासळीबरोबर वर आलेल्या आणि निरुपयोगी म्हणून टाकून दिलेल्या गाळात जे नानाविध जीव असतात, त्यांत भंगुर तारेही असतात. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी विनियमन अधिनियमान्वये किनाऱ्यालगतच्या पाण्यात यांत्रिक ट्रॉलिंगवर निर्बंध घालता येतात. त्यांमागे लहान मच्छीमारांच्या हिताचा विचार आहेच. परंतु सागरतळाला उसंत मिळणे हाही त्यांचा एक लाभ आहे.

दुसरे संकट अधिक सूक्ष्म आहे. कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने वातावरणात वाढलेला कार्बन डायऑक्साइड वायू मोठ्या प्रमाणात समुद्रात विरघळतो आणि त्यामुळे पाण्याची अल्कता घटते. औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारे ८.२ असलेला समुद्रपृष्ठाचा सामू आता ८.१ च्या आसपास आला आहे. आकड्यात हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु सामूचे मोजमापच असे आहे की, त्याचा अर्थ पाण्याच्या आम्लतेत सुमारे एक-चतुर्थांश वाढ, असा होतो. भंगुर ताऱ्याचा सांगाडा ज्या मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइटचा बनलेला असतो, ते अशा पाण्यात तुलनेने सहज विरघळते.

या संदर्भात ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी अॅम्फियुरा फिलिफॉर्मिस या चिखलवासी जातीवर केलेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग विचार करायला लावणारा आहे. अधिक आम्ल केलेल्या पाण्यात ठेवलेले हे तारे मेले नाहीत. त्यांनी आपला सांगाडा टिकविला, तुटलेले बाहूही पुन्हा वाढविले. परंतु त्यासाठी त्यांना मोठी किंमत मोजावी लागली : त्यांच्या बाहूंतील स्नायू झिजले. सांगाडा जपण्यासाठी त्यांनी आपले बळच खर्ची घातले. बाहू आहे पण त्यात पूर्वीचे बळ नाही, अशा ताऱ्याला चिखलात पाणी खेळविणे आणि अन्न मिळविणे कितपत जमेल, हा खरा प्रश्न आहे. पाच बाहू मोजून हा प्राणी सुस्थितीत आहे, असे म्हणणाऱ्याची फसगत होईल.

दगड उलटा, पण पुन्हा ठेवा

सागराच्या आम्लतेचा प्रश्न एका गावाच्या किंवा एका राज्याच्या आवाक्यातील नाही. किनाऱ्यावरील खडकांची राखण मात्र निश्चितच आवाक्यातील आहे. मालवण येथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, त्यामागे किनाऱ्यावरील व पाण्याखालील अशाच जीवसृष्टीच्या संरक्षणाचा हेतू होता. परंतु प्रत्येक खडकाळ किनारा अभयारण्य होऊ शकत नाही. तेथे लोकांची समजूत हेच संरक्षण.

किनाऱ्यालगतच्या शाळांना ओहोटीची डबकी ही निसर्गाने विनामूल्य दिलेली प्रयोगशाळा आहे. पंचांग किंवा भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून शिक्षकांनी मुलांना तेथे न्यावे. भंगुर तारा दाखवावयाचा असेल, तर त्याला बाहूने धरून उचलू नये. तो ज्या पाण्यात आहे, तेथेच त्याचे निरीक्षण करावे. त्याचे बाहू मोजावेत, कोणता बाहू नव्याने वाढत आहे, ते पाहावे, चालताना तो कोणत्या बाहूला पुढे करतो, ते टिपून ठेवावे. नमुने म्हणून ते बाटलीत भरून नेण्याची गरज नाही. आणि निरीक्षण संपल्यावर उलटलेला दगड जसा होता, तसाच पुन्हा ठेवावा. या एका साध्या गोष्टीला फार महत्त्व आहे. दगडाखालची सावली आणि ओल हेच तेथील जीवांचे छप्पर असते. ते उघडे राहिले, तर परतीची भरती येण्यापूर्वीच उन्हाने त्यांतील कित्येकांचा अंत होतो.

भंगुर ताऱ्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, बाजारात मोलही नाही. तरीही त्याने आपल्या शरीराची अशी मांडणी केली आहे की, जे गमावता येईल ते बाहेर आणि जे गमावता येणार नाही ते आत. तुटलेला बाहू तो पुन्हा घडवितो. उलटलेला दगड मात्र त्याला पूर्ववत ठेवता येत नाही. ते काम माणसाचे आहे.